चौकटीत न मावणारं खारघर

खारघरमध्ये राहणारा माणूस एखाद्या संकेतस्थळावर घरचा पत्ता भरायला बसतो, तेव्हा काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं असतं. फ्लॅट क्रमांकाची चौकट पटकन भरते, इमारतीच्या नावाचीही. तिसरी चौकट रस्त्याच्या नावाची, शेजारी लाल तारा. म्हणजे ती रिकामी ठेवून पुढे जाता येत नाही. इथे बोट थांबतं. खारघरच्या पत्त्यात रस्ता सहसा नसतोच. प्लॉट असतो आणि सेक्टर असतो. मग कुणी त्याच चौकटीत सेक्टर लिहितो, कुणी इमारतीचं नाव पुन्हा लिहितो, कुणी नुसतं टिंब देऊन सुटका करून घेतो. पुढे पिनकोड, ४१०२१०. तो टाकताच जिल्ह्याची चौकट आपोआप भरते आणि बऱ्याचदा तिथे उमटतं 'रायगढ (एमएच)'. टपाल खात्याच्या यादीत जिल्हा तसाच नोंदलेला आहे, आणि छत्तीसगडमध्येही रायगढ नावाचा जिल्हा आहे. शहराच्या यादीतून आता काय निवडायचं? घरपट्टी पनवेल महानगरपालिकेची, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, आणि कुणी विचारलं तर उत्तर 'नवी मुंबईत राहतो'. यातली एकही गोष्ट खोटी नाही.

मला या अर्ध्या-एक मिनिटाचं फार अप्रूप वाटतं. फॉर्ममधली प्रत्येक चौकट म्हणजे समोरच्या माणसाबद्दल कुणीतरी, कुठेतरी बसून केलेला अंदाज असतो: त्याच्या घरासमोर नावाचा रस्ता असेल, त्याचं नाव तीन तुकड्यांत मावेल, त्याला इतक्या फिकट रंगातलं वाचता येईल, त्याचं बोट एवढ्या बटणावर नेमकं पडेल. अंदाज बरोबर असला की आपल्या ते लक्षातही येत नाही, आपण फॉर्म भरून मोकळे होतो. अंदाज चुकला की बोट थांबतं. आणि बोट कुठे थांबलं ते डोळ्यांनी दिसतं, घड्याळावर मोजता येतं. संकेतस्थळाची वापरसुलभता तपासायची म्हणजे आधी हे थांबणं शोधायचं. रंगसंगती छान आहे का, चित्रं सुंदर आहेत का, हे प्रश्न त्यानंतरचे.

नवी मुंबईत हे थांबणं ठळक दिसतं, कारण हे शहरच आधी कागदावर काढलेलं आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकाच्या मध्याला खाडीपलीकडे मुंबईचं जुळं शहर वसवण्याची कल्पना मांडली. ते वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर शहर उभं राहू लागलं. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर असे नोड, नोडात सेक्टर, सेक्टरात प्लॉट. म्हणजे इथला पत्ताही आखूनच तयार झाला. त्याचा एक नियम इथल्या रिक्षावाल्याला पक्का ठाऊक असतो: सेक्टरचा आकडा नोडपुरताच असतो. सेक्टर १० वाशीतही आहे, नेरूळमध्येही आहे आणि खारघरमध्येही. म्हणून तो आधी नोड विचारतो, मग सेक्टर. परगावच्या फॉर्मला हे माहीत नसतं. तो नोड विचारतच नाही.

त्यातच मूळ गावठाणं आहेत. करावे, दिवाळे, घणसोली इथल्या जुन्या वस्तीत ना प्लॉट ना सेक्टर. घर क्रमांक आणि गाव एवढंच पुरतं. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ला अस्तित्वात आली, पनवेलची १ ऑक्टोबर २०१६ला. एकाच शहराचे लोक त्यामुळे दोन महापालिकांत आणि दोन जिल्ह्यांत विभागलेले. सातबारा ऑनलाइन पाहायचा तर महसूल खात्याची वेगळीच उतरंड लागते: आधी विभाग कोकण, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव. वाशीचा माणूस ठाणे जिल्ह्यात जातो, खारघरचा रायगडमध्ये. दोघांनीही निवडायचा तो कोकण विभाग मात्र ज्या इमारतीतून चालतो, ते कोकण भवन बेलापूरलाच आहे. कार्यालयाच्या मनातला नकाशा आणि रहिवाशाच्या मनातला नकाशा हे दोन असतात, आणि संकेतस्थळ नेमकं त्यांच्या शिवेवर उभं असतं. चांगलं संकेतस्थळ रहिवाशाच्या नकाशापासून सुरुवात करतं आणि कार्यालयाच्या नकाशापर्यंत त्याला स्वतः पोहोचवतं.

हे कसं करावं याचा एक उत्तम नमुना तर याच फॉर्ममध्ये बसलेला आहे: पिनकोड. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि त्याची कल्पना केंद्रीय संचार मंत्रालयातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. वेलणकर संस्कृतचे कवी आणि नाटककार होते. देशभर एकाच नावाची अनेक गावं, पत्ते वेगवेगळ्या लिप्यांत आणि वेगवेगळ्या स्पेलिंगात. या गोंधळावर त्यांनी फक्त सहा आकडे ठेवले. पहिला आकडा विभागाचा: ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की नकाशा जवळजवळ येत जातो. वाशी ४००७०३, खारघर ४१०२१०: तिसऱ्या आकड्यापर्यंत येतानाच दोघांच्या वाटा फुटलेल्या. लिहिणाऱ्यानं सहा आकडे लिहायचे, बाकीचं यंत्रणेनं पाहायचं. माणसावरचा भार कमी आणि यंत्रणेवरचा जास्त, हे तत्त्व पडद्याचा जमाना येण्याच्या कितीतरी आधी या योजनेत उतरलं होतं.

त्याच्या बरोबर उलटं पाहायचं असेल तर कुठल्याही महा ई-सेवा केंद्राच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानाच्या दारात थोडा वेळ उभं राहावं. 'केबी कमी करून द्या' हे वाक्य तिथे हमखास ऐकू येतं. फॉर्मला फोटो ठरावीक केबींच्या आतच हवा असतो, दाखला अमुक इतक्या केबींच्या आत. फोनचा कॅमेरा त्याच्या कितीतरी पट मोठा फोटो काढतो. खरं तर तो लहान करणं हे संगणकाचं अगदी बिनकष्टाचं काम. फोटो आत घेतानाच संकेतस्थळ ते करू शकतं. पण फॉर्म बनवणाऱ्यानं ते काम माणसाकडे ढकललं, आणि माणूस पैसे मोजून ते दुकानदाराकडे ढकलतो. केंद्रातल्या मुलामुलींना कुठल्या फॉर्ममध्ये काय अडतं ते तोंडपाठ असतं: तारीख टाइप केलेली चालत नाही, ती कॅलेंडरमधूनच निवडावी लागते; नावात टिंब दिलं की फॉर्म पुढे सरकत नाही; मागे जायचं बटण दाबलं की सगळं पुसलं जातं. माझ्या मते राज्यातल्या वापरसुलभतेचं सर्वांत मोठं ज्ञानभांडार या केंद्रांत आहे, आणि फॉर्म बनवणाऱ्यांनी आधी तिथे जाऊन बसलं पाहिजे.

नावाच्या चौकटीकडे येऊ. आपलं नाव कधी आडनावापासून सुरू होतं, कधी स्वतःच्या नावापासून. मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्र शासनानं क्रम ठरवला आहे: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणजे तीन चौकटींचा अंदाज आता चौथ्या नावापाशी अडणार. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शिका यावर साधा तोडगा सांगते: नावाला शक्यतो एकच लांब चौकट द्या. जन्मतारखेलाही कॅलेंडर नको, दिवस-महिना-वर्षाचे आकडे टाइप करायच्या तीन छोट्या चौकटी द्या. आपली जन्मतारीख प्रत्येकाला पाठ असते. तिच्यासाठी १९५४पर्यंत यादी खाली सरकवायला लावायचं काही कारण नाही.

देवनागरी आली की गोष्ट आणखी रंगते. 'ज्ञानेश्वर' या नावात वाचणाऱ्याला चार अक्षरं दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. संगणक मात्र ज, हलन्त, ञ, काना असं सुटं सुटं मोजतो, आणि त्याचा हिशेब दहावर जातो. साठवताना त्या प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे तीस. 'जास्तीत जास्त वीस अक्षरं' असं एखादी चौकट म्हणते, तेव्हा ती कुणाची अक्षरं मोजते हे आधी विचारायला हवं. मोबाइल संदेशातही तेच: रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७० संकेत. रोमन अक्षरांसाठी आखलेल्या ओळींत आपला ऊकार खालून कापला जातो, रफार वरून. अक्षरांत मोकळी जागा सोडून मथळा सजवण्याची इंग्रजीतली पद्धत देवनागरीवर लादली, की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. मराठी पान तपासताना मी आधी या तीन जागा बघते: ऊकार, रफार, शिरोरेषा. तिथे काळजी दिसली तर बाकी पानातही बहुधा असते.

लिहिण्याच्या बाजूनं आयआयटी मुंबईच्या आयडीसी या संस्थेत प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांच्या 'स्वरचक्र' या कळफलकावर व्यंजनं वर्णमालेच्या क्रमानं मांडलेली आहेत. क वर बोट ठेवलं की भोवती चक्र उघडतं आणि त्यात का, कि, की, कु असे पर्याय दिसतात. हवं तिकडे बोट सरकवून सोडायचं. शाळेत घोकलेली बाराखडी इथे थेट कामाला येते. इंग्रजी कळफलक आधी शिकून मग त्यातून मराठी शोधण्याची वेळ येत नाही.

आता रंग. मे महिन्यात दुपारी वाशी स्टेशनबाहेर उभं राहून फोनवर फिकट राखाडी अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, तर काहीच दिसत नाही. फिकट म्हणजे किती फिकट, याला एक आकडा आहे, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत थक्क करणारा तोच आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनं २००८ साली प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या निकषांत नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ ठरवलं आहे. पांढऱ्यावर काळं असेल तर ते २१ भरतं. का २१? उजळपणा मोजताना पांढऱ्याला १ धरतात, काळ्याला ०, आणि दोन्हींत ०.०५ मिळवतात. हे ०.०५ म्हणजे पडद्यावर बाहेरून पडणाऱ्या उजेडाचा हिशेब: कुठलाही पडदा प्रत्यक्षात पूर्ण काळा दिसत नाही, कारण खोलीतला, रस्त्यावरचा उजेड त्यावरून परततो. १.०५ भागिले ०.०५ बरोबर २१. भर उन्हात हा परतणारा उजेड कितीतरी वाढतो आणि गुणोत्तर कोसळतं.

रंगाचा उजळपणा काढताना तिन्ही मूळ रंगांना सारखं वजन नसतं. लालाला सुमारे २१ टक्के, हिरव्याला ७२, निळ्याला जेमतेम ७. माणसाच्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ जाणवतो, ती जाणीवच सूत्रात बसवली आहे. म्हणून पांढऱ्यावर गर्द निळी अक्षरं वाचता येतात आणि पोपटी येत नाहीत. मग ४.५ हाच आकडा का? धडधाकट नजरेला ३ पुरतं, असं जुने मापदंड सांगत होते. वय वाढलं की नजरेची ही ताकद घटते. साधारण ऐंशीच्या आसपासच्या माणसाची नजर गृहीत धरून तिला दीडपट भरपाई दिली. तीन गुणिले दीड, साडेचार. एका रूक्ष तांत्रिक निकषात कुणाच्या तरी आजीचे डोळे बसलेले आहेत. संगणकाच्या भाषेत प्रत्येक रंगाला क्रमांक असतो. पांढऱ्यावर ७७७७७७ क्रमांकाचा राखाडी ४.४८ भरतो आणि नापास होतो, त्याहून कणभर गडद ७६७६७६ हा ४.५४ भरून पास होतो. दोन्ही शेजारी ठेवले तर तरुण डोळ्याला फरक सांगताही येणार नाही.

बोटाचंही गणित आहे. १९५४ साली पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं माणसांना दोन पट्ट्यांवर आळीपाळीनं धातूची कांडी टेकवायला लावली आणि वेळ मोजला. अंतर दुप्पट केलं आणि पट्टीही दुप्पट रुंद केली, की वेळ तोच राहतो. म्हणजे बटण लांब असलं तरी चालतं, पण मग ते मोठं हवं. हार्बर लोकलच्या हलत्या डब्यात एका हातानं कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं फॉर्म भरणाऱ्याला हे सूत्र सांगावं लागत नाही. वाट पाहण्याचेही टप्पे आहेत: एक दशांश सेकंदात उत्तर आलं तर ते आपण केल्यासारखं वाटतं, एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं. पैसे भरायचं बटण दाबल्यावर पडद्यावर काहीच हललं नाही, की माणूस ते पुन्हा दाबतो. अशा वेळी दोनदा पैसे कापले गेले तर दोष त्याच्या घाईचा नाही. पहिल्याच दाबाला 'थांबा, व्यवहार सुरू आहे' एवढं दाखवायला हवं होतं.

काही अंदाज तर माणसाला दारातूनच परत पाठवतात. बँकेच्या ऑनलाइन ओळख पडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात, समोर जिवंत माणूस आहे याची खात्री म्हणून. अॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या स्त्रियांना ते शक्य नव्हतं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगून सरकारला वीस निर्देश दिले. सगळ्यांना पापणी लववता येते, हा अंदाज कुणी दुष्टपणानं केला नसेल. तपासला नव्हता, एवढंच.

तपासायला फार साधनं लागत नाहीत. एक परीक्षा कुणालाही संगणकावर लगेच करता येते: माउस बाजूला ठेवायचा आणि फक्त टॅब कळ दाबत संपूर्ण फॉर्म भरायचा. आपण आत्ता कुठल्या चौकटीत आहोत ते दिसतं का? क्रम बरोबर लागतो का? शेवटच्या बटणापर्यंत पोहोचता येतं का? अंध व्यक्ती पडद्यावरचं वाचून दाखवणारा पडदावाचक वापरून साधारण याच वाटेनं जाते. चौकटीच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना टाइप करायला लागताच नाहीशी होते. बाहेर नाव लिहिलेलं नसेल तर डोळसालाही आपण काय भरत होतो ते विसरायला होतं.

दुसरी परीक्षा माणसांची. जेकब नील्सन आणि टॉम लँडॉअर या संशोधकांनी १९९३ साली दाखवलं, की त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो. दुसरा त्यातल्या काही पुन्हा दाखवतो, काही नव्या. हिशेब मांडत गेलं की पाच माणसांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. पाचच! शेजारची मावशी, कॉलेजातला भाचा, वॉचमन, दुकानदार, निवृत्त शिक्षक. त्यांना एक खरं काम द्यायचं, 'पाण्याचं बिल भरून दाखवा', आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायला सांगायचं. आपण मात्र गप्प बसायचं. हे सर्वांत अवघड. मावशी चुकीच्या बटणाकडे बोट नेते तेव्हा 'अहो, ते नाही, वरचं' असं तोंडावर आलेलं गिळावं लागतं, कारण घरी ती एकटी असेल. 'तुम्ही काय शोधताय?' एवढंच विचारायचं आणि बोट थांबलं ती जागा लिहून ठेवायची.

या पाचांच्या हिशेबाला एक अट आहे. पाचही जण साधारण एकाच प्रकारचे वापरणारे असले तरच तो लागू पडतो. महापेच्या कंपनीतला अभियंता, एपीएमसी बाजारातला मापाडी आणि दिवाळ्याची कोळीण यांच्या अडचणी वेगळ्या. त्यांच्यासाठी वेगवेगळी माणसं बोलवायला हवीत. आणि पंधरा जणांपुरते पैसे हाताशी असले, तर नील्सन यांचा सल्ला असा की ते एकाच फेरीत संपवू नयेत. आधी पाच जण बोलवा, सापडलेलं दुरुस्त करा. मग नवे पाच, कारण दुरुस्तीतूनही नव्या अडचणी निघतात. आणि मग आणखी पाच.